कागदावर नसलेली नऊ घरटी

स्पेनमधल्या एका जुन्या विद्यापीठाच्या गावाची छपरं मला पाठ आहेत. मी तिथे कधी गेलेले नाही. सिंगापूरमध्ये एका बिझनेस पार्कातल्या नवव्या मजल्यावर बसून मी दीड वर्ष त्या गावात हिंडले. भाजलेल्या बेसनाच्या रंगाचा दगड, कॉलेजांच्या दरवाजांवर कोरलेल्या वेली आणि राजेराण्या, चर्चचे मनोरे, आणि काही भिंतींवर लाल रंगात लिहिलेली जुन्या काळच्या पदवीधरांची नावं. ती नावं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत हसले होते. आमच्या तालुक्यात गेरूने भिंतींवर घोषणा रंगवणारे लोक म्हणजे माझे आईबाबा. एवढं शिकूनही माणसं शेवटी भिंतीच रंगवतात, हे पाहून मला बरं वाटलं.

आमचं काम असं चालतं. तिथली एक मोजणी करणारी कंपनी तीन पायांच्या स्टँडवर यंत्र ठेवून इमारतीवर लेसरचे किरण सोडते. किरण जिथे आदळेल तिथे एक ठिपका उमटतो. असे कोट्यवधी ठिपके मिळून स्क्रीनवर आख्खा मनोरा उभा राहतो, धुळीने बांधल्यासारखा. ते ठिपके आमच्याकडे येतात. आम्ही ते पाहून पुण्यातल्या ऑफिसला पाठवतो, पुण्याचे लोक त्यावरून नकाशे काढतात, आणि ते नकाशे मी तपासून स्पेनला पाठवते. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. ज्याने काढला त्याची आद्याक्षरं एका ओळीत, तपासणाऱ्याची खालच्या ओळीत. खालची माझी.

यंत्राला भेदभाव कळत नाही. दगडाचा ठिपका आणि दगडापुढून चाललेल्या बाईच्या पिशवीचा ठिपका त्याला सारखाच. म्हणून नकाशा काढण्याआधी माणसं, गाड्या, कबुतरं, वायरी, दुकानांच्या छत्र्या असं सगळं पुसावं लागतं. याला आम्ही साफसफाई म्हणतो. साफसफाईच्या सूचना कुणीतरी लिहायला हव्या होत्या. मी लिहिल्या.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आईबाबा धरणग्रस्तांच्या संघटनेचे. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. शाळेतून आलं की हातपाय धुवायचे आणि घड्या घालायला बसायचं, मग जेवण. बाबा मसुदा मोठ्याने वाचत आणि 'शक्यतो', 'बहुधा', 'तरीही' असा शब्द आला की पेनाने खोडत. ते म्हणायचे, "पत्रक हातात पडल्यापासून त्याचा बोळा होईपर्यंत आपल्याला एक मिनिट मिळतं. त्यात शंकाकुशंका घालून वाया घालवू नका." मी लिहायला शिकले ती अशी. अजूनही मला साधा ईमेल लिहितानासुद्धा तिसऱ्या ओळीत मागणी आणि चौथ्या ओळीत इशारा लिहावासा वाटतो.

तर सूचना. सात ओळी होत्या, मराठीत, कारण पुण्याचे सगळे मराठी. शेवटची ओळ होती: 'जे दगड, वीट, लाकूड, लोखंड किंवा काच नाही, ते काढून टाका. अपवाद नाही.' पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी तो कागद छापून भिंतीवर लावला आणि मला फोटो पाठवला. मी तो बाबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

नोव्हेंबरात पुण्याहून एकाचा फोन आला. इंदापूरकडचा माणूस, माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी मोठा, हात अतिशय स्वच्छ. त्याच्या नकाशात मला कधी चूक सापडत नसे, त्यामुळे त्याचा फोन आला की आधी मलाच धाकधूक व्हायची.

"मॅडम, मोठ्या मनोऱ्यावर कडेकडेने गोळे आहेत. टोपलीसारखे. आठ दिसतात. शेजारच्या छोट्या मनोऱ्याच्या टोकावर अजून एक."

"कबुतरांची घाण असेल."

"एवढी घाण करायला कबूतर म्हशीएवढं पाहिजे, मॅडम. दीड मीटर रुंदी आहे. मला घरटी वाटतायत."

त्या दिवशी मला आणखी अकरा नकाशे तपासायचे होते. मी विचारलं, "दगड आहे?"

"नाही."

"वीट आहे?"

"नाही, मॅडम."

"मग मला काय विचारताय? समोर भिंतीवर लावलंय ना सगळं?"

त्याच्या मागे कुणीतरी खिदळलं. तो म्हणाला, "ओके, मॅडम." दोन दिवसांनी दोन्ही मनोरे माझ्याकडे आले. देखणे, कोरे, चारी कोपरे स्वच्छ. मी चौकटीत आद्याक्षरं टाकली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी चारला मी त्या मोजणी कंपनीतल्या मुलीशी व्हिडिओवर बोलत होते. तिथे तेव्हा सकाळचे नऊ. ती साइटवर असते, तिशीची आहे, आणि तिचं इंग्रजी माझ्याइतकंच ओढूनताणून आणलेलं असल्यामुळे आमचं छान जमतं. छोट्या मनोऱ्याच्या कठड्याखाली एक भेग होती. ती किती खोल आहे एवढंच मला हवं होतं. ती फोन वर करून भेग दाखवत होती आणि मागून एक आवाज येत होता. कुणीतरी भरभर टिपऱ्या वाजवतंय असा, थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

"काम सुरू झालं का?" मी विचारलं.

"नाही गं," ती हसली. "करकोचे. परत आलेत. त्यांना गळ्यातून आवाज नाही, चोचीच आपटतात. सकाळपासून डोकं उठवलंय."

तिने फोन आणखी वर केला. मनोऱ्याच्या टोकावर बाजेएवढं काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात दोन पक्षी उभे होते. पांढरे, पंखांची किनार काळी, पाय लालभडक. एकाने मान मागे टाकून डोकं पार पाठीला टेकवलं होतं. दुसऱ्याने चोचीत एक काडी धरली होती, आणि ती कुठे ठेवावी याचा त्याला निर्णय करता येत नव्हता.

माझ्या नकाशात त्या टोकावर काही नव्हतं.

मी विचारलं, "हे घरटं... राहणार?"

"नाही, नाही. सोमवारी परांची बांधायला सुरुवात. आधी हे उतरवतील, मग मोठ्या मनोऱ्यावरची आठ."

"चालतं असं?"

"घरट्यांची वेगळी परवानगी लागते. घेतली असणार कंत्राटदाराने." तिने खांदे उडवले. "ते ऑफिस दुसऱ्या शहरात आहे. तिथे कुणी येऊन बघत नाही. अर्जाला नकाशे लावतात, ते बघून देतात."

"कुठले नकाशे?"

"तुमचेच की."

परवानगी कुणी घेतलेलीच नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं, तिला नव्हतं कळलं. कागदावर घरटी नव्हती. म्हणून ती काढायला परवानगी लागत नव्हती. खाली चौकात उभ्या असलेल्या कुणालाही मान वर केली की नऊ घरटी दिसत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की वरची व्यवस्था दुसऱ्या कुणीतरी केली असेल.

असं प्रकरण मी लहानपणापासून ओळखते. आमच्या वरच्या वाडीची चौदा घरं मोजणीच्या कागदावर आली नव्हती. मोजणीदार पावसाचा आला, ओढा ओलांडून गेलाच नाही. बुडाली ती घरंही, पण कागदावर नव्हती म्हणून त्यांना ना जमीन मिळाली ना प्लॉट. त्या मोजणीदाराबद्दल माझ्या घरी काय काय बोललं जायचं ते मी इथे लिहू शकत नाही. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण माझ्या लेखी तो बारीक मिशीचा, पान खाणारा, हलकट माणूस होता. त्या गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी मला पहिल्यांदा वाटलं की कदाचित त्यालाही त्या दिवशी आणखी अकरा कागद पुरे करायचे असतील.

आणि मी काय केलं? तोंड उघडून 'थांबा, चूक माझी आहे' म्हणायला दहा सेकंद लागली असती. मी म्हणाले, "भेगेची खोली मिलिमीटरमध्ये पाठवशील ना?" ती हो म्हणाली. आम्ही हात हलवले. फोन बंद.

मग मी मॅनेजरकडे गेले.

ती ठाण्याची. पंधरा वर्षं इथे आहे, टॅम्पिनीसला राहते, मुलगा तिला 'डोन्ट वरी ला' करून उडवून लावतो अशी तिची रोजची तक्रार. माझ्यावर तिचा जीव आहे, आणि हे मी उपरोधाने लिहीत नाही. मी सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आधी बस. पाणी पी. सोमवार म्हणालीस ना? आज गुरुवार. सोपं आहे. नवी आवृत्ती काढ, घरटी दाखव, सर्व्हरवर चढव. ढग घालू नकोस."

ढग म्हणजे आमच्या धंद्यातली एक रेघ. नकाशाची नवी आवृत्ती निघाली की जे बदललं त्याच्याभोवती वळणावळणाची, मुलं ढग काढतात तशी रेघ काढायची. साइटवरचा मुकादम आख्खा नकाशा पुन्हा वाचत नाही, तो ढग शोधतो. ढग नसेल तर तो समजतो की काही बदललं नाही, आणि खिशातली जुनी प्रिंटच वापरतो.

"ढग नसेल तर कुणी बघणार नाही," मी म्हणाले.

"हो ना. म्हणून तर."

"अहो, मग ते जुन्याच नकाशावर काम करतील!"

"ते त्यांचं बघतील. उद्या कुणी विचारलं, तर आम्ही सुधारून दिलं होतं एवढं आपल्याकडे राहील."

"आणि पक्षी?"

"पक्षी दुसरं घरटं बांधतील गं. तू दुसरी नोकरी बांधशील का? तुझ्या वर्क पासच्या रिन्युअलचे कागद माझ्याकडे आहेत. त्यात मला चांगलं लिहायचंय. मला चांगलं लिहू दे की." मग आवाज खाली आणून, "या क्लायंटचं पुढच्या वर्षाचं काम अजून ठरलेलं नाही. इथे आपण आठ जण, पुण्यात वीस. अगदीच ढग घालायचा झाला तर पुण्याकडून राहिलं म्हण."

"पुण्याने विचारलं होतं."

"लेखी?"

"फोनवर."

"मग नाही विचारलं."

मी उठले. ती मागून म्हणाली, "उद्यापर्यंत विचार कर. आणि काहीतरी खा, चेहरा बघ."

वुडलँड्सला आम्ही तिघी मुली एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पाऊण तास उभी होते. एरवी मी त्या वेळात वाचते. त्या दिवशी मी फक्त हिशेब करत होते. पास गेला तर किती दिवसांत देश सोडावा लागतो, फ्लॅटच्या करारात माझं नाव पहिलं आहे त्याचं काय होतं, आईला काय सांगायचं. स्टेशनवर उतरले आणि इमारतींच्या कडांवर पक्षी बसू नयेत म्हणून लावलेली बारीक जाळी दिसली. रोजचीच जाळी. मी तिच्याकडे बघत इतका वेळ थांबले की एका आजोबांनी विचारलं, वर काही अडकलंय का.

बाबांना फोन लावला. त्यांनी अर्धं ऐकलं आणि पेटले.

"पत्रक काढ! आजच्या आज. इंग्रजीत काढ, तिथल्या विद्यार्थ्यांना पाठव. विद्यापीठाचं गाव ना? विद्यार्थी उठतील. कंत्राटदार, परवानगीवाले, तुझी ती मॅनेजर, सगळ्यांची नावं घाल. जबाबदार कोण ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे."

"मी आहे, बाबा."

"काय?"

"जबाबदार. पहिल्या ओळीत माझं नाव येतं. काढून टाका म्हणून मीच लिहिलं होतं. अपवाद नाही, असं. तुम्ही अंगठा पाठवला होता."

पलीकडे गल्लीतला भाजीवाला ओरडत होता.

"तुला वरून कुणीतरी तसं सांगितलं असणार," बाबा म्हणाले.

"कुणीही नाही सांगितलं."

"बरं. आई बाहेर गेलीय. आली की तुला फोन करायला सांगतो."

माझ्या आठवणीत बाबांनी वाद अर्धा सोडलेला हा पहिलाच.

शुक्रवारी पुण्याची पाळी सुरू झाली तेव्हा मी इंदापूरकराला फोन केला. मला भीती होती ती वेळेची. घरटी पुसलेली होती. मूळ ठिपक्यांतून ती पुन्हा शोधून, मोजून, दोन मनोऱ्यांचे सहा नकाशे बदलायचे म्हणजे तीन दिवसांचं काम. सोमवार हातचा जाणार.

मी सांगितलं.

"मॅडम, मी विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंत. मी ऐकलं नाही."

"नाही, तसं नाही... एक सांगायचंय. रागावू नका."

"बोला."

"मी ती पुसली नाहीत. वेगळ्या थरात टाकली आणि थर बंद करून ठेवला. तुम्हाला दिसत नव्हती, पण आहेत. पूर्ण काढलीत, काटक्यांसकट."

सूचना न पाळल्याबद्दल याला दोन महिन्यांपूर्वी मी झापलं असतं.

"का?"

"आमच्याकडे चिंचेवर चित्रबलाक बसतात, मॅडम, करकोच्यांचीच जात. खाली सगळी घाण, वास, पण फांदी तोडायची नाही. आई शेजाऱ्याशी भांडलीय त्यावरून. हात जाईना." मग हळूच, "यात माझं नाव येणार का? कंपनीने विचारलं तर मी थर का ठेवला ते..."

"तपासणाऱ्याच्या ओळीत माझं नाव आहे. तुम्ही फक्त थर चालू करून पाठवा."

अर्ध्या तासात सहा नकाशे आले. घरटी इतकी नीट काढली होती की एका काटकीला लोंबणारी चिंधीसुद्धा होती. ढग मी स्वतः काढले. माउसने ढग काढणं हे शिकाऊ माणसाचं काम, पण मला पहिले दोन पुन्हा काढावे लागले. नऊ ढग. सोबत तीन वाक्यं लिहिली. आधीच्या नकाशांत नऊ घरटी दाखवलेली नव्हती. ती वगळण्याची सूचना मी दिली होती. जुन्या प्रिंट वापरू नयेत आणि घरट्यांच्या परवानगीचा अर्ज नव्या नकाशांसह करावा. ही चिठ्ठी मी चार वेळा वाचली. एकदा 'कृपया' घातलं आणि ठेवलं.

अडीच वाजता चढवले. स्पेनमध्ये सकाळचे साडेसात. साइट उघडायच्या आधी पोचावं म्हणून.

नवी आवृत्ती चढली की प्रकल्पावरच्या प्रत्येकाला संदेश जातो. काचेपलीकडे मॅनेजरने मोबाइल उचलला, वाचला, पालथा ठेवला. तीन वाजता ती माझ्या टेबलाशी आली.

"ढगांसकट?"

"नऊ."

ती स्क्रीनकडे बघत उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती "बरं" म्हणाली आणि चहा करायला पँट्रीत गेली. एरवी ती दोन कप घेऊन येते.

पुढचा दीड तास मी दर मिनिटाला फोन बघत होते. चार वीसला त्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती चौकात उभी होती, डोक्यावर हेल्मेट, श्वास लागलेला.

"मोठ्या मनोऱ्याचं काम थांबवलंय," ती म्हणाली. "मुकादमाने ढग पाहिले आणि थेट वर फोन केला. आठही घरटी आहेत. पिल्लं उडून जाईपर्यंत आता तिथे कुणी चढणार नाही."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"छोट्यावरचं गेलं. क्रेन सोमवारी येणार होती. पण कंत्राटदाराला ती काल दुपारी मोकळी मिळाली, म्हणून कालच उतरवलं."

"काल? किती वाजता?"

"आपण बोललो ना, त्यानंतर चारेक तासांनी."

चार तास. इथे तेव्हा रात्रीचे आठ. मॅनेजरचं ऐकून, गाडीत उभी राहून, जाळीकडे बघून, बाबांशी वाद घालून तोवर माझं झालं होतं. मी सकाळी नऊला, तिच्या सकाळी नऊला, ती दहा सेकंदं बोलले असते तर मुकादमाच्या हातात चार तास होते.

तिने फोन खाली वळवला. समोर ताडपत्रीवर घरट्याचा ढीग पडला होता. मी समजत होते काटक्याच असतील. चिखलाचे थर होते, दोरी होती, एक हातमोजा, निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे, बांगडीसारखी वाकलेली तार. कितीतरी वर्षं दर हंगामात आणून घातलेलं सामान. एवढं ओझं उतरवायला क्रेन लागली यात नवल नव्हतं.

"अंडी?" मी विचारलं.

"अजून घातली नव्हती. ते एक बरं."

"आणि ते दोघं?"

तिने फोन वर केला. मनोऱ्याचं टोक माझ्या पहिल्या नकाशात होतं तसंच दिसत होतं, कोरं. समोरच्या छपराच्या कण्यावर दोघं उभे होते. टिपऱ्यांचा आवाज येत नव्हता.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. परवानगी देणाऱ्या ऑफिसने नवी अट घातली, म्हणून छोट्या मनोऱ्याच्या टोकावर कामगारांनी लोखंडी कडं बसवलं आणि उतरवलेल्या काटक्यांतल्या थोड्या त्यात रचून ठेवल्या. पक्ष्यांनी यावं म्हणून. मोठ्या मनोऱ्यावर आठ ठिकाणी अंडी उबवणं चालू आहे. पुढच्या वर्षीचं काम आम्हाला मिळेल की नाही ते क्लायंटने सांगितलेलं नाही. माझ्या पासचे कागद मॅनेजरने पाठवले. तिने त्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रोज सकाळी मी अर्जाची स्थिती उघडून बघते, तीच ओळ असते. नकाशाच्या चौकटीत तपासणारी म्हणून आता तिची आद्याक्षरं असतात. तपासते मीच.

आईने बाबांकडून सगळं ऐकलं आणि फोन करून म्हणाली, आठ वाचवलीस, आठाचं बोल. बाबांनीही मधून फोन घेऊन तेच सांगितलं, सभेत सांगतात तसं. मी हो म्हणाले. मला आठांचं बोलता येत नाही. प्रयत्न केला, आणि दर वेळी मी समोरच्या छपरावर उभ्या असलेल्या त्या दोघांपाशी येऊन थांबते.

काल इंदापूरकराचा फोन आला. छोट्या मनोऱ्याचा नकाशा नव्याने काढायचा आहे, लोखंडी कड्यासकट.

"मॅडम, आलं का कुणी?"

"अजून नाही. साइटवरच्या मुलीने सकाळीच पाहिलं."

"मग टोकावर काय लिहू? घरटं लिहू की नुसतं कडं?"

"काटक्या आहेत ना त्यात. घरटं लिहा."

"पक्षी नसताना?"

"घरटं, रिकामं. असं लिहा."

तो कीबोर्डच्या कळा दाबत होता ते ऐकू येत होतं. मग थांबला.

"रिकामं कधीपासून, मॅडम? तारीख घालावी लागेल. ढग चढवले तो शुक्रवार घालू?"

"नको," मी म्हणाले. आणि त्याला गुरुवारची तारीख सांगितली.